मराठा साहेबांच्या मकानापर्यंत

लखनौमध्ये महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस मराठा असतो. तिथं त्याला पर्याय नाही. आमचे बाबा वर्धा जिल्ह्यातले, बौद्ध, केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून. बदली होऊन लखनौला आले तेव्हा पहिल्याच दिवशी ऑफिसातले बड़े बाबू म्हणाले, "अच्छा, मराठा हैं आप!" बाबांनी समजावून सांगायला तोंड उघडलं. पण समजावायचं तर गावापासून सुरुवात करावी लागली असती, आणि चहा निवत होता. त्यांनी तोंड मिटलं आणि चहा घेतला. तेव्हापासून ते मराठा साहब, आई मराठा भाभी, आणि मी मराठा साहब की बिटिया.

बाबा घरी येऊन हसायचे. "गावात पाटलाच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती आपल्याला. इथं पाहा, अख्खा मराठा करून टाकला. खुर्चीही दिली."

हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढची सगळी भानगड या नावावरूनच झाली.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., त्यावर एम.सी.ए. आईच्या मते मी हे वाक्य कुठंही घालते, आणि घालायला जागा नसली तर जागा करते. करते, खरं आहे. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पदव्या टांगलेल्या आहेत त्यांनी गप्प बसावं. आमच्या भिंतीवर ती पहिली होती. तर त्या एम.सी.ए.च्या जोरावर मला अलीगंजमध्ये एका छोट्या संस्थेत नोकरी लागली. खाली फोटोकॉपीचं दुकान, वर आमची खोली. चार माणसं, तीन पंखे. आमचे सर बंगलोरची मोठी नोकरी सोडून आले होते आणि त्यांना सरकारचा खर्च लोकांना दाखवायचा होता.

खर्च तसा लपवलेला नव्हताच. सरकारी फाइल इंटरनेटवर पडलेली असे. पण ती स्कॅन केलेली, तिरपी, अर्धी उलटी, आणि ज्या फॉन्टमध्ये टाइप केली होती तो कॉम्प्युटरवर नसला की हिंदीऐवजी नुसते कंस, टिंबं आणि स्वल्पविराम दिसत. म्हणजे दार उघडं होतं, फक्त आत अंधार होता. आमचं काम दिवा लावायचं. मी प्रोग्राम लिहायचा, त्यानं फाइल वाचायची, आणि साइटवर कुणीही आपला वॉर्ड निवडला की गल्लीतलं कुठलं काम मंजूर झालं, किती पैसे लागले, कुणी केलं, पुरं झालं की नाही, हे समोर यायचं. प्रत्येक कामाखाली दोन बटनं. एक हिरवं, 'काम हुआ है'. एक लाल, 'काम अधूरा है'. लाल दाबलं की तक्रार थेट ते काम करणाऱ्या सरकारी ऑफिसाकडे जाई. सरांनी हे सगळं नकाशावर दाखवायचं ठरवलं होतं, आणि तिथंच गाडी अडली.

कारण तिकडे कामाचं वर्णन लिहायची एक पद्धत आहे. गल्लीला नाव नसतं, नंबर असला तर कुणाला माहीत नसतो. म्हणून लिहितात: अमुक के मकान से तमुक के मकान तक नाली निर्माण. अमुक के मकान से मंदिर तक खड़ंजा, म्हणजे विटा अंथरलेला रस्ता. पुत्तन भैयांच्या मकानापासून मास्टरसाहेबांच्या मकानापर्यंत पुलिया.

सर डोकं धरून बसले. "यह कौन-सा एड्रेस हुआ?"

मी म्हटलं, "सर, यही एड्रेस है. बाक़ी सब तो डाकिये को धोखा देने के लिए है."

"पर मैप को कैसे पता चलेगा कि पुत्तन भैया कहाँ रहते हैं?"

नकाशाला कळणार नव्हतं. कुणीतरी जाऊन विचारायला हवं होतं. आणि बाबा त्याच वर्षी रिटायर झाले होते.

रिटायर झालेला कारकून घरात ठेवणं किती अवघड असतं ते आईला विचारा. बाबा सकाळी दहाला आंघोळ करून, भांग पाडून, खिशाला पेन लावून तयार. जायचं कुठं? स्वयंपाकघरात. डाळीला फोडणी उशिरा का, कणीक आज जास्त का, सगळ्याची चौकशी. शेवटी आईच मला म्हणाली, "यायले ने वो बाई कुठं तरी. कुकरच्या शिट्ट्यांवर सह्या करून राहिले."

असे बाबा आमच्या कामाला लागले. पगार नाही, फक्त स्कूटरचं पेट्रोल. त्यांनी त्यासाठी नवीन हेल्मेट घेतलं, एक पॅड घेतलं आणि आपलं एक तंत्र बसवलं. ते रस्त्याबद्दल कधी विचारत नसत. रस्त्याबद्दल विचारलं की लोक घाबरतात, हा कोण, कुठल्या पार्टीचा, टॅक्सवाला तर नाही? बाबा थेट दार वाजवून म्हणायचे, "नमस्कार. आप ही के मकान से वो नाली शुरू होती है ना?"

माणूस फुगायचाच. "जी हाँ, यहीं से! आइए, बैठिए."

चहा, बिस्किट, हिवाळ्यात तीळगुळाची गजक. बाबा परत येत ते पोट भरून आणि पॅड भरून. महिन्याभरात त्यांना जानकीपुरम आणि अलीगंजमधली इतकी घरं ओळखू लागली की आई म्हणायची, उद्या यांना निवडणुकीला उभं करा, निदान चहाचा खर्च वाचेल.

साइट सुरू झाली. सरांनी आम्हा सगळ्यांना समोसे दिले आणि छोटंसं भाषण केलं: आता लोक विचारतील, पैसा कुठं गेला. आता जाब द्यावा लागेल.

आठवड्याभरात पहिला माणूस जिना चढून आला. घामाघूम, हातात प्रिंटआउट. सर उठूनच उभे राहिले, पहिला जागरूक नागरिक!

"ये देखिए," तो म्हणाला, "आपने लिखा है मेरे भाई के मकान से. मकान मेरा है. कोर्ट में केस चल रहा है. कल को वो जज साहब को यही दिखा देगा!"

सर म्हणाले, "पर नाली बनी या नहीं बनी?"

"नाली को मारिए गोली. नाम ठीक कीजिए."

मग लोक येतच राहिले. एकाचं म्हणणं, समोरच्याचं घर आमच्यानंतर बांधलेलं, मग नाव त्याचं का? एका बाईंचे यजमान वारले होते, तरी पुलिया त्यांच्याच मकानापर्यंत होती. त्या फक्त एवढं सांगायला आल्या की हे नाव बदलू नका. त्यांना मी खुर्ची दिली, पाणी दिलं, सांगितलं, नाही बदलणार. पण बाकीचे! "मराठा अंकल, हमारा नाम भी डलवा दीजिए," म्हणून बाबांना भर रस्त्यात अडवू लागले. बाबा स्कूटर थांबवून गंभीरपणे सांगत की नाव टाकणं आमच्या हातात नाही, तुम्ही आधी नाली मंजूर करून आणा.

सर एका दुपारी माझ्या टेबलाजवळ येऊन बसले. "हमने सोचा था लोग पूछेंगे पैसा कहाँ गया. ये पूछ रहे हैं नाम कहाँ गया."

मी त्यांना काही बोलले नाही. सरांच्या आजोबांच्या नावानं त्यांच्या शहरात एक चौक होता. त्यांना नावाची भूक कळणार नाही, हे मला दिसत होतं, पण ते पगार देत होते.

मग आमची गल्ली आली.

आमचं घर जानकीपुरमच्या पार टोकाला. बाबांनी कर्ज काढून प्लॉट घेतला तेव्हा पुढं सगळं मोहरीचं शेत होतं आणि म्हशी आमच्या फाटकाला पाठ घासायच्या. गल्लीच्या तोंडाशी दूध-डेअरीवाल्याचं घर, मग आणखी काही, मग वकीलसाहेबांचं, आणि सर्वात शेवटी आमचं. आदल्या हिवाळ्यात गल्लीत इंटरलॉकिंगचं काम झालं होतं. म्हणजे त्या नागमोडी सिमेंटच्या विटा एकमेकींत अडकवून केलेला रस्ता. डेअरीपासून निघाला तो छान चालत वकीलसाहेबांच्या फाटकापर्यंत आला आणि तिथं थांबला. बाबा म्हणाले, बजेट संपलं असेल. आई म्हणाली, सगळ्यांचं बजेट आपल्याच दाराशी काहून संपते? पण बोलायला गेलं कोण? कुणी नाही. आमच्या फाटकापुढं चिखल होता तो राहिला. आईनं त्यात चार विटा टाकून वाट केली होती. पावसाळ्यात भाजीची पिशवी घेऊन त्या विटांवरून येताना ती एकदा पडली आणि तेव्हापासून तिचा उजवा गुडघा जिन्यावर तक्रार करायचा.

नवीन फाइल आली, मी प्रोग्राम चालवला, आणि आमच्या वॉर्डात एक ओळ दिसली:

डेरी वाले के मकान से मराठा साहब के मकान तक इंटरलॉकिंग कार्य. पूर्ण.

मी संध्याकाळी लॅपटॉप घरी नेला. बाबांनी चष्मा पुसला, वाचलं. मोठं करायला सांगितलं. आणखी मोठं. शेवटी पडद्यावर फक्त 'मराठा साहब के मकान तक' एवढंच मावलं.

मग ते मराठीत, अगदी हळू म्हणाले, "आपल्या गावात आपला पत्ता काय होता, माहीत आहे का तुला? ओढ्यापलीकडची वस्ती. बस. तुझ्या आजोबांना पत्र यायचं तेही तसंच. वस्तीतला माणूस, अमुक नाही, तमुक नाही. त्यांच्या दारापासून कुणी काही मोजलं नाही." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "इथं सरकारनं फीत धरली. आणि फितीचं एक टोक माझ्या फाटकाला लावलं."

तेवढ्यात आई ओले हात पदराला पुसत बाहेर आली आणि तिनं वाचलं. आई चौथी शिकलेली आहे, पण वाचते सगळं.

"फीत लावली," ती म्हणाली, "मंग विटा कुठं हायेत?"

दुसऱ्या दिवशी बाबांनी ती ओळ आमच्या ऑफिसखालच्या दुकानातून प्रिंट करून घेतली. आणि लॅमिनेट करून घेतली. दाराशेजारी, माझ्या डिग्रीच्या खाली, खिळा ठोकून लावली. चिखलातून कुणी पाहुणा आला की चपलेचा चिखल खरवडता खरवडता त्याला ती वाचावीच लागे.

वकीलसाहेब रविवारी चहाला आले. वाचून त्यांचा चेहरा पडला. "मराठा साहब, ये क्या बात हुई? सड़क मेरे गेट तक, नाम आपके गेट तक. ये तो बँटवारा हो गया!"

"तो बदल लीजिए," आई आतून म्हणाली. "नाम आप रख लो, सड़क इधर सरका दो."

आईला रस्ता हवा होता. बाबांना नाव हवं होतं. आणि दोघांच्या मधे मी बनवलेलं ते लाल बटन होतं.

आई म्हणाली, दाब. बाबा म्हणाले, खबरदार. त्यांचं म्हणणं असं की त्यांनी उभं आयुष्य सरकारी टेबलामागं काढलं आहे. "तक्रार आली की बाबू ऑफिसच्या बाहेर जात नाही, पोरी. तो खोडरबर काढतो. रस्ता वाढवायचा म्हणजे फाइल, मंजुरी, ठेकेदार. नाव खोडायला काय लागतं? एक मिनिट. तू बटन दाबशील आणि तो माझंच नाव काढून टाकेल. रस्ताही गेला, नावही गेलं."

"रस्ता होता कधी, जायला?" आई म्हणाली.

मला दाबता येत नव्हतं. आमच्या संस्थेत नियम होता, काम करणाऱ्यांनी स्वतः तक्रार नोंदवायची नाही. मी तो नियम सांगितला तेव्हा बाबांना बरं वाटलं, हे त्यांच्या मिशीवरून कळत होतं. अख्ख्या लखनौत लोकांच्या दारोदार फिरून 'काम अधूरा हो तो लाल बटन दबाइए' सांगणारा माणूस स्वतःच्या दाराशी आला की हिरवा होत होता.

त्या वर्षी पाऊस लवकर लागला. विटांवर शेवाळ आलं. एका सकाळी आई फाटकात उभी राहिली, पिशवी हातात, आणि बाहेर पाय टाकेना. विटांकडे नुसती पाहत राहिली. मग परत आत आली, पिशवी ठेवली आणि बाबांसमोर उभी राहिली.

"खरं सांगा. तुमच्या नावावरून पाय घसरून पडू का मी?"

बाबांनी पेपर खाली केला नाही. पण पान उलटायचंही विसरले.

"मले शिकव," आई मला म्हणाली. "तुले नियम हाय. मले कोणता नियम?"

मी तिला शेजारी बसवलं. साइट उघडली, वॉर्ड, गल्ली, आमची ओळ. लाल बटन दाबलं की एक चौकट येई, तक्रार लिहायला, आणि खाली दोन रकाने: नाव, आडनाव. हे रकाने मीच केलेले. मधलं नाव मी ठेवलं नव्हतं. कशाला उगीच टाइप करायला लावायचं लोकांना. आईनं एकेक अक्षर शोधत शोधत आपलं नाव लिहिलं. मग ती थांबली.

"यायचं नाव कुठं लिहू?"

"त्याला जागा नाही."

"अच्छा," आई म्हणाली, आणि तिनं आडनाव लिहिलं. मला वाटतं ती थोडी हसली.

तक्रार तिनं अशी लिहिली: रोड मेरे घर तक नहीं आया. कीचड़ है. आके देखो.

मी म्हटलं, "आई, 'कृपया' तरी घालू."

"रोड आल्यावर घालजो."

बाबा उठून गच्चीवर गेले. पाऊस पडत होता तरी गेले.

आणि बाबांचं खरं झालं. पुढची फाइल आली तेव्हा आमच्या ओळीत आता लिहिलं होतं: डेरी वाले के मकान से वकील साहब के मकान तक इंटरलॉकिंग कार्य. पूर्ण. तक्रारीसमोर शिक्का: निस्तारित.

घरी येऊन सांगावंच लागलं. आईनं विचारलं, "निस्तारित म्हणजे काय?"

"मिटलं," बाबा म्हणाले.

"काय मिटलं?"

"मी."

त्यांनी भिंतीवरचं लॅमिनेशन काढलं नाही, पण त्यावर कॅलेंडर टांगलं. जेवताना भाजीला मीठ कमी आहे हेही बोलले नाहीत, आणि ते कमी होतं. आईनं दोनदा वाढायचं विचारलं. कुकरच्या शिट्ट्यांवर कुणी सही करेना तेव्हा ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "म्या चूक केली का वो?"

"नाही."

"मंग हे असे काहून बसले?"

ते तिला माहीत होतंच. तीही तशाच एका ओढ्यापलीकडच्या वस्तीतून आली होती.

वकीलसाहेब मात्र संध्याकाळी लाडू घेऊन आले. शेजारधर्म म्हणून चेहरा पाडून आले होते, पण लाडू शुद्ध तुपाचे होते. "बिटिया, ज़रा दिखाना तो, क्या लिखा है," ते म्हणाले. आपलं नाव त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

मी उघडून दाखवलं. आता आमच्या साइटला एक खोड होती, आणि ती मी लावलेली. सरकारी फाइल दर वेळी गुपचूप बदलायची, म्हणून मी प्रोग्राममध्ये अशी सोय केली होती की ओळ बदलली तरी जुनी पुसायची नाही. ती राखाडी होऊन, मधून रेघ मारलेली, नव्या ओळीच्या खाली राहायची. सरांना ते आवडत नसे. पान गचाळ दिसतं म्हणायचे. मी म्हणायचे, सर, शाळेत आम्हाला खाडाखोड दिसली की मार्क कापत, इथं खाडाखोडीलाच मार्क द्यायचे आहेत.

वकीलसाहेबांनी आपलं नाव वाचलं, मान डोलावली, आणि मग त्यांची नजर खालच्या राखाडी ओळीवर गेली. माणूस वकील होता. लाडू हातातच राहिला.

"एक मिनट. लंबाई?"

मी दोन्ही ओळींतली लांबी दाखवली. लांबी तीच होती. पैसे तेच होते. बाबूनं घर बदललं होतं, मीटर बदलायला विसरला होता. म्हणजे कागदावरचा रस्ता अजूनही आमच्याच फाटकापर्यंत येत होता; फक्त वकीलसाहेबांचं घर आमच्या जागेवर सरकवलं होतं.

"मराठा साहब!" ते ओरडले. "इसने आपका मकान नहीं मिटाया, मेरा मकान घसीट दिया! और ये सब लिखकर दे दिया! ये तो इक़बालिया बयान है!"

कबुलीजबाबच सापडला होता त्यांना. बाबा खुर्चीतून उठून लॅपटॉपजवळ आले. त्यांनी लांबी नाही पाहिली. त्यांनी राखाडी ओळ पाहिली.

"हे दिसतं का अजून?"

"दिसतं, बाबा. दिसणारच. ते जात नाही."

"कुणालाही?"

"कुणालाही."

मग त्यांनी कॅलेंडर काढलं, त्याखालचं लॅमिनेशन खिळ्यावरून उतरवलं, फडक्यानं पुसलं आणि आपल्या जुन्या ऑफिसच्या बॅगेत ठेवलं. "उद्या जाऊ," ते आईला म्हणाले. "तू तक्रार केली, तुलाच यावं लागेल. तारीख-सही तुझी लागते." आयुष्यात त्यांनी स्वतःच्या कामासाठी दुसऱ्याच्या टेबलासमोर कधी पाय ठेवला नव्हता. टेबलामागं बसणाऱ्याला टेबलासमोर जाणं फार जड जातं.

मी गेले नव्हते, मला सुट्टी नव्हती. त्या ऑफिसात काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं आहे. आईच्या सांगण्यात ती खूप बोलली आणि बाबा घामानं भिजले. बाबांच्या सांगण्यात ते दोघंही खुर्चीवर बसले होते आणि पंखा चालू होता. तेवढा एक भाग मात्र दोघांचा जुळतो. जेई साहेबांनी, म्हणजे तिथल्या इंजिनियरनं, प्रिंटआउट पाहिलं, लॅमिनेशन पाहिलं, दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं आणि विचारलं, "ये साइट किसने बनाई?"

आई म्हणाली, "मेरी बेटी ने. एम.सी.ए. है."

"और शिकायत किसने की?"

"मैंने."

जेई साहेबांनी बाबांकडे पाहिलं. "और आप?"

"मैं वो मकान हूँ, साहब," बाबा म्हणाले. "जहाँ तक सड़क आनी थी."

जेई साहेब हसले म्हणे. आई म्हणते हसले नाहीत, खोकले. काही का असेना, त्यांनी माणूस पाठवला. तो फीत घेऊन आला. बाबा स्वतः फाटकापाशी बसले आणि फितीचं टोक त्यांनी धरून ठेवलं; त्या माणसानं दोनदा सांगितलं, अंकल छोड़ दीजिए, हो गया.

पुढल्या पावसाच्या आधी विटा आल्या. नागमोडी, सिमेंटच्या, आमच्या फाटकाला येऊन भिडल्या. आईनं जुन्या चार विटा फेकल्या नाहीत. त्यांवर तुळशीशेजारी मोगऱ्याची कुंडी ठेवली. आणि त्या संध्याकाळी ती काही काम नसताना वकीलसाहेबांच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मग पुन्हा गेली.

मी फाइलची वाट पाहत होते. बाबा माझ्याहून जास्त. आली, तेव्हा मी ऑफिसातून फोन न करता लॅपटॉप घेऊनच घरी आले. दोघांना समोर बसवलं.

वकील साहब के मकान से, असं सुरू होत होतं. पुढं मराठा साहब नव्हते. पुढं आईचं नाव होतं. श्रीमती, आणि तिचं नाव, आणि आडनाव, मधे कुणी नाही. के मकान तक शेष इंटरलॉकिंग कार्य. बाबूनं सरळ तक्रारीवरून उतरवून घेतलं होतं.

आईनं वाचलं. एकदा बोट ठेवून, एकदा न ठेवता. इतकी वर्षं त्या गल्लीत ती भाभी होती, मग आंटी. वकीलसाहेबांच्या बायकोनं नंतर खरंच विचारलं होतं, हे कोण, इथं तर या नावाचं कुणी राहत नाही!

बाबांनी चष्मा काढून पुसला. मला भीती वाटत होती. मग ते म्हणाले, "मला मोठं करून दाखव."

मी मोठं केलं. पडद्यावर फक्त आईचं नाव मावलं.

"प्रिंट काढ," ते म्हणाले. "लॅमिनेशनसकट."

आता दोन्ही आहेत भिंतीवर, माझ्या डिग्रीच्या खाली, आणि वकीलसाहेबांच्या बायकोला बाबांनी उत्तर दिलं ते गल्लीत अजून चालतं: "वो हमारी मकान मालकिन हैं. मैं तो किराये पर हूँ." पुढं मी दुसऱ्या नोकरीला लागले, साइट दुसऱ्यांनी चालवायला घेतली. पण बाबा महिन्यातून एकदा फोनवर तिथं जाऊन आपली राखाडी ओळ आहे ना ते बघतात. आहे अजून.

मागं नागपूरकडचे पाहुणे आले होते. स्टेशनवरून फोन केला, पत्ता सांगा. बाबा सांगत होते, जानकीपुरममध्ये शिरा, डेअरी दिसेल, तिथून सरळ, कुणालाही मराठा साहेब विचारा.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मराठा काहून विचारतील? माझं नाव सांगा. सरकारी हाय."